बिनफोडणीची बरबटी

माझ्या मुलीला रेसिपी पाहिजे आहे. पुण्याला तिच्या सोसायटीत दर महिन्याला बायका जमतात, प्रत्येकीनं एकेक पदार्थ करून न्यायचा, आणि या खेपेला विषय म्हणे 'एशियन'. फोनवर म्हणाली, "आई, मी तुझं ते बीन डिप करते. सोपं आहे, सगळं लिहून पाठव." डिप! साठी उलटली माझी, गुडघे गेले, इतकी वर्षं मी ते वाटून राहिली, आणि त्याला डिप म्हणतात हे मला आत्ता कळलं. बरं बाई. कृती चार ओळींची आहे, ती आधी सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढीच हवी ते सुटले. बरबटी, म्हणजे तुमची चवळी, भिजवून मऊ शिजवा, दाणा बोटांत धरला तर त्याचं पीठ व्हायला पाहिजे. तीळ कोरड्या कढईत भाजा. लसूण आणि वाळलेल्या लाल मिरच्या निखाऱ्यावर भाजा, निखारा कुठून आणणार, गॅसवर जाळी ठेवा. त्यात आल्याचा तुकडा आणि मीठ घालून आधी हे सगळं वाटा, मग बरबटी घालून वाटा, बरबटी शिजवल्याचं पाणी लागेल तसं घालत जा. वरून थोडा काळा सोया सॉस, लिंबू, आणि बारीक चिरलेला सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, पुण्यात राहून ती हेही विसरली असेल. तेल नाही, फोडणी नाही.

एवढं पाठवलं तर पाच मिनिटांत तिचा फोन. "आई, वरून जराशी लसणाची फोडणी दिली तर चालेल ना? नाहीतर फार फिकं वाटेल." मी म्हटलं, तुझं घर आहे, तू काहीही कर, आणि फोन ठेवून दिला. मग बसल्या बसल्या वाईट वाटलं. तिला बिचारीला काय माहीत? म्हणून हे लिहायला घेतलं. एकदाच लिहिते, कारण या गोष्टी आठवल्या की मला दिवसभराचं काम केल्यासारखं दमायला होतं.

आम्ही तेव्हा भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा कारखान्यात फिटर होते. आमचं गाव मोहाडीजवळ, तिथं तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं होती, ती आत्या आणि तिचं घर बघत असे. क्वार्टरची लाईन म्हणजे एकाला एक चिकटलेली घरं, मधली भिंत सामाईक, आणि सगळ्यांची स्वयंपाकघरं मागच्या अंगणाकडे. त्यामुळे कोणाच्या घरी काय शिजून राहिलं हे सांगायची गरजच नव्हती. सकाळी कारखान्याचा भोंगा, मग बसचा आवाज, मग नळावरच्या बादल्या. आणि संध्याकाळी, बस येऊन माणसं घरात शिरली, की एकेका घरातून फोडणी सुरू. पलीकडच्या तेलुगू काकूंची मोहरी आणि कढीपत्ता, कोपऱ्यावरच्या बिहारी भाभींचं मोहरीचं तेल, त्यानं तर डोळ्यांतून पाणी यायचं. बघा, देशभरातली माणसं होती त्या लाईनीत, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती, पण तो चर्र आवाज सगळ्यांचा सारखा होता.

आमच्या घरातली फोडणी भावाच्या नावाची होती. माझा मोठा भाऊ सुरेश, आयटीआय करत होता. त्याला फोडणीचं वेड. वरणात घातलेली पुरायची नाही, ताटात वाढल्यावर वरून परत एक पाहिजे, छोट्या पळीत तेल तापवून, लसूण लाल करून, वर तिखट घालून. आई ती पळी थेट त्याच्या वाटीत बुडवायची आणि तो मान मागे घेऊन हसायचा. "आई, अजून एक!" "अरे, पोटाचं वाटोळं करशील बाप्पा," आई म्हणायची आणि दुसरी पळी तापवायला ठेवायची. मला वरून फोडणी मिळत नसे. मी मागतही नसे. मुलीच्या जातीला कोणी विचारत नव्हतं, आणि मला त्याचं तेव्हा काही वाटतही नव्हतं, खोटं कशाला सांगू?

त्याला कावीळ झाली. पावसाळा सरत आला होता. आधी डोळे पिवळे, मग नखं, मग तो उठेचना. डॉक्टरांनी सांगितलं, तेलाचा थेंब नको, तिखट नको, नुसतं उकडलेलं द्या. आईनं तसंच केलं. भात, मिठाचं पाणी घातलेली डाळ, उकडलेला दुधी. आणि तो मागायचा. पहिल्यांदा चिडून मागायचा, मग लाडीगोडीनं. "आई, चमचाभर घाल न वं. खात नाही मी, नुसता वास येऊ दे." आई म्हणायची, "बरा हो रे बापा, मंग कढईभर घालीन." शेजारी चर्र झालं की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. आई उठून खिडकी लावून घ्यायची. भंडाऱ्याला नेलं, नागपूरला नेलं, कोणी काही कमी केलं असं मी म्हणणार नाही. आजारच पोटात खोल गेला होता. तो गेला.

सुतकात फोडणी घालत नाहीत, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या दिवशी शेजारपाजारचे कडू घास घेऊन येतात, कडुनिंबाचा पाला तोंडाला लावून जेवायचं, आणि मग तेरवीपर्यंत घरात कढईत तेल तापत नाही. तेरवी गावी झाली, आचाऱ्यानं मोठ्या गंजात, पातेल्यात म्हणा, फोडणी दिली, नातेवाईक जेवले, सुतक फिटलं. आम्ही क्वार्टरमध्ये परत आलो. दुसऱ्या दिवशी आईनं डाळ शिजवली, मीठ-हळद घातली, आणि ताटं घेतली. मला वाटलं, विसरली. मी म्हटलं, "आई, फोडणी राहिली." ती डाळीकडे बघत म्हणाली, "राहू दे." पुढच्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. तेलाचा डबा फळीवर, मोहरीचा डबा त्याच्या शेजारी, सगळं जागच्या जागी. नुसतं उकडलेलं. वांगं उकडून, पालक उकडून, भेंडीसुद्धा उकडून, आणि उकडलेली भेंडी काय असते ते ज्यानं खाल्ली त्यालाच विचारा.

बाबांनी काही दिवस गप गिळलं. मग एकदा म्हणाले, "कमल, आता पुरे झालं न." आईचं नाव कमल. ती म्हणाली, "त्याले नाही देल्ली मी. तरसून गेला माझा लेक. आता कोणासाठी घालू?" बाबा उठून बाहेर गेले. मग ते बसमधून उतरून स्टॉपवरच्या टपरीवर भजी खाऊन यायला लागले. घरी आले की हाताला तेलाचा वास यायचा, आणि ते हात साबणानं दोनदा धुवायचे. आईला कळत होतं. मलाही कळत होतं. जेवायला बसले की चार घास चिवडून उठायचे.

माझं काय चाललं होतं ते कोणी विचारलं नाही, म्हणून इथं लिहिते. मी अकरावीत होते. आई स्वयंपाक वेळेवर करायची, त्यात तिची कधी चूक नाही, पण तेवढंच करायची. चूल विझली की भिंतीकडे तोंड करून पडायची, तो पडायचा तशीच. बाकीचं सगळं माझ्यावर आलं. पाणी भरणं, कपडे, भांडी, सारवणं, राशन, दळण, शिवाय जे भाऊ करायचा तेही. सकाळी नळावर रांग लावायची, मग कॉलेज, मग येऊन पुन्हा कपडे. वर्गात बसल्या बसल्या माझे डोळे मिटायचे. आणि सगळ्यात जास्त दमवणारी गोष्ट म्हणजे आई माझ्याकडे बघतच नव्हती. रागानं नव्हे. मी समोर उभी राहिले तरी तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जायची. मला वाटायचं, भाऊ गेला, आणि मी राहिले, हे तिच्या अजून लक्षातच आलेलं नाही.

हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर आत्या आली. बाबांची मोठी बहीण, आवाज खणखणीत, मन वाईट नव्हतं तिचं. नवे तांदूळ आणले, धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची बरबटी आणली थैलीभर. आल्या आल्या आमचं जेवण बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगा माय! हे का माणसाचं जेवण होय? ढोरंही याच्यापेक्षा बरं खातेत. माझा भाऊ बघ कसा वाळून गेला." दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पदर खोचला, फळीवरून तेलाचा डबा काढला आणि आईच्या कढईत फोडणी घातली. तिचा हेतू चांगलाच होता. एकदा घरात फोडणी झाली की झालं, खंड मोडला, असं तिच्या मनात असणार. पण चर्र झालं तशी आई अंथरुणातून उठली, मोरीत गेली, ओकली, आणि तशीच मागच्या दारानं निघून गेली.

मी गावभर शोधलं, म्हणजे सगळ्या लाईनी पालथ्या घातल्या. ती बसस्टॉपवर बसली होती. पायांत चप्पल नाही, केस सुटलेले. मी म्हटलं, चाल घरी. ती म्हणाली, "मी बसते इथंच. तिथं आवाज येते." मी तिच्याजवळ बसले. उठवून नेण्याची ताकद माझ्यात नव्हती. मग कारखान्याची बस आली, आणि बाबा उतरले, त्यांच्या सोबतचे सगळे उतरले, आणि सगळ्यांसमोर बाबांनी आपली बायको तशी बसलेली बघितली. त्यांनी आपल्या चपला काढून तिच्या पायांत घातल्या आणि स्वतः अनवाणी चालत घरी आले.

त्या संध्याकाळी आत्यानं ठरवलं. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, दार उघडंच होतं. "तिच्या भावाले बोलाव अड्याळहून. माहेरी राहू दे थोडे दिवस. डोकं ठिकाणावर येईल." बाबा म्हणाले, "आणि नाही आलं तं?" आत्या म्हणाली, "तं पाहू मंग." मला ते 'थोडे दिवस' माहीत होते. आमच्या नात्यात एक काकू होती, तिला अशीच थोडे दिवस पाठवली होती, ती तिकडेच राहिली, तिकडेच म्हातारी झाली, आणि कोणी तिला टाकलं असंही म्हटलं नाही. मी ओले कपडे हातात घेऊन उभी राहिले. भाऊ गेला, आता आई जाणार, आणि या क्वार्टरमध्ये मी आणि बाबा, दोघंच. येत्या रविवारी मामा न्यायला येईल असं ठरलं. आत्या गावी परत गेली. आईला सांगितलं तर ती "बरं" म्हणाली. तिला काहीच पडलेलं नव्हतं.

आता मेमा आंटीबद्दल सांगायला पाहिजे. आमच्यापासून दोन घरं सोडून सिंगसाहेब राहायचे. नाव सिंग, आणि पगडी नाही, दाढी नाही, त्यामुळे लाईनीतल्या बायकांना सुरुवातीला मोठं कोडं पडलं होतं. मग कळलं, मणिपूरची माणसं आहेत. मेमा आंटी त्यांची बायको, बुटकी, गोरी, बोलायला कमी, हिंदी तोडकीमोडकी. बायका तिच्याशी चांगलं वागायच्या पण तिच्या घरी खायच्या नाहीत. काय खातेत बाप्पा कोणास ठाऊक, असं चालायचं. शुक्रवारी सकाळी नळावर माझी बादली भरून वाहत होती आणि मी नुसती बघत उभी होते. आंटीनं नळ बंद केला. "क्या हुआ बेटा?" मी रडायला लागले. नळावर रडायची मला लाज वाटली, पण थांबवता येईना. सगळं सांगून टाकलं, फोडणीचं, आत्याचं, रविवारचं. म्हटलं, सगळ्या लाईनीत आमचंच एक घर आहे ज्यातून आवाज येत नाही, म्हणून आईला वेडी ठरवून राहिले.

आंटीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हमारे घर से कहाँ आता है?"

खरं होतं. इतकी वर्षं शेजारी राहून मी कधी ऐकलं नव्हतं, त्यांच्या घरातून चर्र कधी आलंच नव्हतं. माझ्या लक्षात कसं नाही आलं? आंटी म्हणाली, आमच्याकडे बरंचसं उकडूनच खातात, तेलाचं कोणाला काही नसतं, पण फिकं कोण खाईल? ये, दाखवते. आणि मला घरात घेऊन गेली. त्यांच्या मागच्या अंगणात शेगडी पेटलेली होती. तिनं मिरच्या आणि लसूण निखाऱ्यांत टाकले, तीळ भाजले, उकडलेल्या शेंगा आणि दाणे त्यात घालून खलबत्त्यात ठेचले. ती त्यात सुकी मासळी घालायची, ती माझ्यासाठी वगळली, आणि त्या जागी सिंगसाहेबांनी नागपूरहून आणलेल्या काळ्या बाटलीतलं पाणी घातलं, वर लिंबू पिळलं. "ये सोयाबीन का है, डरो मत." भातावर घालून मला दिलं. मी पहिला घास खाल्ला. तिखट, आंबट, जळकट लसणाचा वास, तिळाचा गोडवा, आणि खाली बरबटीसारखं मऊ काहीतरी. तीन-चार महिन्यांत माझ्या जिभेला चव अशी लागलीच नव्हती. मी ताट पुसून खाल्लं. अजून मागितलं. मला वाटतं परक्या घरी अजून मागायची ती माझी आयुष्यातली पहिलीच वेळ. आंटीनं जाताना छोट्या वाटीत ते काळं पाणी दिलं, वर बशी झाकून.

शनिवारी बाबा ड्यूटीवर. कॉलेज बुडवलं. आत्यानं आणलेली बरबटी भिजत घातली होती, ती शिजवली. शेगडी आणली, मिरच्या भाजल्या. आई आतल्या खोलीत पडली होती. मग मी आईचीच कढई घेतली, तेल नाही, काही नाही, कोरडी, आणि तीळ टाकले. आता इथं मी काय विसरले ते बघा. आंटीच्या घरी शेगडी अंगणात होती, आणि माझं लक्ष सगळं खाण्याकडे. तीळ तापले की तडतडतात हे काय मला माहीत नव्हतं? संक्रांतीला दरवर्षी भाजतो आम्ही. पण डोक्यातच आलं नाही. कढई तापली आणि तीळ तडतडायला लागले, मोहरी तडतडते तस्से, एक उडून माझ्या गालाला लागला, आणि आतून आईच्या बांगड्या वाजल्या.

ती दारात आली. तिचा चेहरा मी अजून विसरलेली नाही. मला वाटलं, संपलं आता. आता ती ओकेल, निघून जाईल, आणि उद्या मामा येऊन तिला घेऊन जाईल, आणि हे सगळं माझ्या हातानं झालं. ती म्हणाली, "तूबी?" एवढंच. मी कढई उचलून तिच्यासमोर धरली. "तेल नाही आई. बघ न. तेल नाही याच्यात. फोडणी नाही घातली मी. कोरडे हायेत." ती कढईत बघत राहिली. तीळ लाल व्हायला आले होते, एक-दोन अजून उडत होते. मी तशीच धरून उभी, कडी गरम, चिमट्याखाली फडकं जळून राहिलं. ती बघत होती आणि मग एकदम पुढे येऊन तिनं चिमटा माझ्या हातातून हिसकला.

"जाळशील न वं तिळाले! खाली उतरव."

सांगता सांगता कढई तिनंच खाली ठेवली. ताटात तीळ ओतले, हातानं पसरले, म्हणाली, "काय करून राहिली तू?" मी सांगितलं. मेमा आंटीचं नाव घेतलं, वाटलं रागावेल, ती रागावली नाही. पाटा धुतला मी, वाटायला बसले. ती भिंतीला टेकून बसली, बघत. मला पाट्यावर वाटायची सवय कमी, वरवंटा सारखा घसरायचा. बरबटीचे दाणे पाट्याखाली पळायचे. ती एकेक उचलून परत वर ठेवायची. सॉस घातला, लिंबू पिळलं. मी बोटावर घेऊन तिच्यापुढे धरलं. तिनं जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "मीठ कमी हाये."

अहाहा! तुम्हाला काय सांगू, भाऊ गेल्यापासून आई कोणत्याही खाण्याबद्दल बोलली नव्हती. खारट झालं, अळणी झालं, तिला काहीच नव्हतं. मी उठून मीठ आणलं. तिनं स्वतः घातलं, स्वतः कालवलं, परत चाखलं. संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुतले, ताटावर बसले, आणि भातावरच्या त्या तपकिरी गोळ्याकडे बघत राहिले. "हे काय?" आई म्हणाली, "बरबटी." त्यांनी कालवून एक घास खाल्ला. मग दुसरा. टपरीवरून खाऊनच आले होते, मला वासावरून कळलं होतं, तरी ताट रिकामं केलं. उद्या काय होणार ते कोणी काढलं नाही.

रविवारी सकाळी मामा आला. आईची थैली बाबांनी आधीच भरून ठेवली होती. मामा चांगला माणूस, बहिणीवर जीव, पण त्यालाही घरी बायकोला उत्तर द्यायचं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आई म्हणाली, "जेवून जाऊ." सकाळीच तिनं परत बरबटी शिजवली होती, मी न सांगता. या वेळी वाटली तिनंच. मी तीळ भाजले तेव्हा ती कढईजवळ उभी होती, डोळे मिटून, पण उभी होती. ताटं वाढली. मामानं घास खाल्ला, चांगलं लागलं असणार, कारण दुसरा मोठा घेतला, आणि मग शोधक नजरेनं वाटीत बघत म्हणाला, "बाई, फोडणी राहिली का वं याले?"

आई वाढता वाढता थांबली. म्हणाली, "राहिली नाही. आमच्या घरी नसते."

मामानं बाबांकडे बघितलं. मीही बघितलं. बाबांचा घास हातातच होता. इतक्या महिन्यांत त्यांनी तिला समजावलं होतं, चिडले होते, तोंड फिरवलं होतं. त्यांनी घास खाली ठेवला नाही. तो खाल्ला, गिळला, आणि म्हणाले, "हाव. आमच्या घरी नसते फोडणी." मग ताट पुढे सरकवलं. "वाढ अजून." मामा जरा घोटाळला. "मंग भाऊजी, बाईले न्यायचं कसं काय?" बाबा म्हणाले, "आता किती माणसं राहिलो आम्ही? त्यातलं एक तू नेशील तं आम्ही कोणाच्या तोंडाकडे पाहावं?" आणि त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले. बाबांना रडताना मी तेरवीलाही बघितलं नव्हतं.

पुढे आईनं परत कधी फोडणी घातली का, असं माझी मुलगी नक्की विचारेल. नाही घातली. मरेपर्यंत नाही. आम्ही त्या घरात तसंच जेवलो, भाजून, वाटून, लिंबू पिळून, आणि बाबांनी टपरी सोडली. मी माझ्या सासरी रोज फोडण्या घातल्या, चांगल्या घातल्या, त्यात मला काही जड गेलं नाही. फक्त बरबटीवर घालत नाही. लोक म्हणतात, आईचं दुःख कमी झालं असेल हळूहळू. मला नाही वाटत. ती फक्त आमच्यात राहिली.

मामा दुपारच्या गाडीनं एकटाच परत गेला, बाबा त्याला सोडायला स्टॉपवर गेले. मी खरकटी ताटं गोळा करून मोरीकडे निघाले. आईनं मनगट धरलं. दोन दिवस मिरच्या हाताळून माझे हात लाल झाले होते, आणि त्याखाली त्याआधीच्या कामाचं सगळं होतंच, भेगा, साबणानं सोललेली कातडी, विळीनं कापलेलं बोट. तिनं हात उलटा केला, सुलटा केला. मग वर बघितलं. माझ्या खांद्यापलीकडे नाही, माझ्या तोंडाकडे.

"हे कवापासून?"

मी म्हटलं, "भाऊ गेला तवापासून."

ती बघतच राहिली. डोळ्यांखाली काय झालं होतं, गाल किती आत गेले होते, ते सगळं तिनं एकेक करून बघितलं. म्हणाली, "थकली वं माय तू."

"हाव आई," मी म्हटलं, "बहुत थकली." आणि मला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना. तिनं ताटं माझ्या हातातून घेतली, मला भिंतीशी बसवलं, आणि मोरीत जाऊन भांड्यांवर पाणी ओतलं. त्या दिवशी भांडी तिनं घासली.